माझ्या आवाजाची टेप

मंगळवार, २ ऑक्टोबर २०१८

व्याख्यान द्या म्हणे! मी! श्वासावर!

सकाळी किनान्ती आली. हेल्मेट न काढताच आत. ह्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, मला बुधे, म्हणजे मोठी मामी म्हणते, म्हणून चहा दिला, नाहीतर दारातूनच वाटेला लावली असती. "बुधे, वीस तारखेला आमच्याकडे मोठा कार्यक्रम आहे. आधी व्याख्यानं, मग यंत्रांचं वादन. तुम्ही श्वासावर बोला. बाराच मिनिटं."

मी पाटी ओढली आणि लिहिलं – आवाज कुठाय?

"कुजबूज आहे ना! माइक अगदी ओठांना लावू. उलट छान वाटेल ते."

छान वाटेल! एकतीस वर्षं गायले मी. लग्नांत, राजवाड्याच्या अंगणात, रेडिओवर. गामेलानच्या त्या सगळ्या काशाच्या घणघणाटावर एकट्या बाईनं आवाज तरंगत ठेवायचा म्हणजे काय, हे हिला काय कळणार? हिची वाद्यं म्हणजे तारा आणि बटणं. घुर्रर्र नाहीतर खर्रर्र.

गळ्यातली गाठ काढली, तिच्याबरोबर नस गेली. कुणाची चूक नाही म्हणतात. नसेल. पण चौदा महिने झाले, बाजारात "पाव किलो" एवढं सांगायला मला तीनदा दम घ्यावा लागतो. आणि ही म्हणते छान वाटेल!

पाटीवर मोठ्ठं "नाही" लिहून तिच्या नाकासमोर धरलं. हसली. चहा प्यायली, गेली. कप तिथंच.

बोलता येत नाही म्हणून ही वही धरली आहे. पाटी फार लहान आहे – राग मावत नाही तिच्यावर.

बुधवार, ३ ऑक्टोबर

हे म्हणतात, "पोरीचा हेतू चांगला आहे, बुने." बुने म्हणजे पोरांची आई. ह्यांना जगात सगळ्यांचेच हेतू चांगले दिसतात. शेजारच्याचा कोंबडा आमची रोपं उपटतो, त्याचासुद्धा!

शनिवार, ६ ऑक्टोबर

आज रागाचं काही लिहायचं नाही. आज वेगळंच झालं.

किनान्ती पुन्हा आली. ह्या वेळी हेल्मेट काढून, हळू आवाजात. पाक हार्जितो मुलाकडे राहायला निघालेत, जुन्या सामानाची ट्रंक तिला देऊन टाकली. हार्जितो म्हणजे रेडिओवर आमचं ध्वनिमुद्रण करायचे ते. ऐंशीच्या पुढे गेलेत आता, एक कान बंद आहे. ट्रंकेत टेपची एक रीळ सापडली. डबीवर लिहिलंय – "१९९१, विग्न्यो आणि मंडळी." विग्न्यो म्हणजे हे. "गाणारी कोण?" विचारलं तर म्हातारा म्हणाला, "कोण असणार! विग्न्योची बायकोच."

मी चपला घातल्या आणि तिच्या स्कूटरवर मागे बसले.

घरात माझा आवाज कुठेच नाही. रेडिओवाले टेपा पुसून पुन्हा वापरायचे, सगळेच तसं करायचे. आमच्याकडे होत्या त्या कॅसेटी भूकंपात भिंतीखाली गेल्या. तेव्हा मी हसले होते – जाऊ देत, मी आहे ना, पाहिजे तेव्हा गाईन!

तिचं ते भाड्याचं घर शहराच्या दक्षिणेला, भातखाचरांना लागून. नाव ठेवलंय "देंगुंग". गुणगुण. आत पाऊल ठेवायला जागा नाही, फोडलेले रेडिओ, पंख्यांच्या मोटारी, डासांच्या रॅकेटची आतडी. तिनं एका मोठ्या यंत्रावर रीळ चढवली. म्हणाली, "बुरशीनं बाकी सगळी टेप खाल्ली, बुधे. चिकटून वड्या झाल्यात. तीन मिनिटंच उरलीत."

आधी खरखर. मग ह्यांच्या रेबाबचा गज, तो लगेच ओळखला. मग – मी.

किती चांगली गात होते मी! मला आठवतं त्याहून चांगली. वरच्या सुराला जाताना कुठे धाप नाही, जोर नाही. बसल्या जागेवरून कुणी सहज हात वर करावा तशी. शेवटच्या ओळीला आवाज किंचित मागे ठेवलेला, मोठी घंटा वाजायच्या आत उरकायची घाई नाही. ही मी होते? आणि मला कुणी सांगितलं कसं नाही?

रडले. किनान्तीनं हात धरला, धरू दिला.

मी खूण केली, पुन्हा लाव. म्हणाली, "नको, बुधे. फार जुनी टेप आहे, दर वेळी थोडी झिजते."

मला वाटलं, जपते आहे पोरगी.

सोमवार, ८ ऑक्टोबर

जपते आहे! जपते आहे म्हणे!

ह्यांच्या फोनवरून तिला निरोप पाठवला होता की नक्कल काढून दे. तर स्वतः आली आणि समोर बसून समजावून सांगायला लागली. शाळेतल्या मुलीला समजावतात तसं. नक्कल काढायची नाही. टेप कापायची, दोन टोकं जोडून वेढा करायचा आणि तो सबंध दालनभर बाटल्यांवरून फिरवायचा. एका जागी सँडपेपरची पट्टी. दर फेरीला टेप तिच्यावर घासणार. तेरा फेऱ्या, चाळीस मिनिटं. शेवटी गाणं जाणार आणि नुसती सळसळ राहणार. आणि ती सळसळ ती आपल्या यंत्रातून मोठी करणार. लोक बसून ऐकणार.

"हे तुमच्याबद्दलच आहे, बुधे. तुमच्या बाबतीत जे झालं ते. नक्कल ठेवली तर त्या झिजण्याला काही अर्थच उरत नाही."

मी पाटी घेतली नाही. तोंडानंच बोलले, गळ्याची शीर फुटेस्तोवर, आणि बाहेर पडली ती फुसफूस. "एकदा मेला माझा आवाज ऑपरेशनच्या टेबलावर. मला भूल दिली होती म्हणून बरं. आता पुन्हा मारणार? चहा पीत बसलेल्या लोकांसमोर?"

तिचे डोळे भरले. भरू देत.

"टेप मला पाक हार्जितोंनी दिली आहे," म्हणाली. "आणि पाकधे हो म्हणालेत."

पाकधे! म्हणजे हे!

सोमवार, संध्याकाळी

ह्यांना विचारलं. कबूल! "तिनं विचारलं, रेडिओवरची जुनी टेप वापरू का. मी म्हटलं, वापर." ऐकली? "नाही." मग हो कसं म्हणालात? "मला वाटलं तुला आनंद होईल, बुने."

न ऐकता! माझ्या गळ्यावर ह्यांनी न ऐकता सही केली!

आज ह्यांच्या ताटात कालचा सोयाबीनचा तेंपे. थंड.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर पोस्टर. माझा फोटो! तिशीतला, अंबाड्यात चाफा खोचलेला. खाली मोठ्या अक्षरांत – "झीज". त्याखाली किनान्तीचं नाव, माझ्या डोक्याएवढं. माझं नाव शोधायला चष्मा काढून जवळ जावं लागलं. "आवाज : बु मिन्तेन." बाकी कुणाकुणाची व्याख्यानं, दंतवैद्य, कबुतरवाले, बुटांच्या नाड्या. नाड्या!

दुकानदार म्हणाला, "बु मिन्तेन, तुम्ही गाणार?" त्याला माहीत आहे! दर आठवड्याला माझ्या पाटीवरून झेरॉक्सची संख्या वाचतो, आणि विचारतो, गाणार!

पोस्टर फाडलं. तो बघतच राहिला.

रविवार, १४ ऑक्टोबर

किनान्तीच्या आईचा फोन. ह्यांनी घेतला, स्पीकरवर टाकला. "वहिनीला म्हणावं, पोरीवर इतकं चिडू नये. तिला झोप नाही, जेवण नाही." मी पाटीवर लिहिलं, मग बंद करावा कार्यक्रम! ह्यांनी वाचून दाखवलं. "आता कसा बंद होईल, दादा? सुराबायाहून लोक येणार, सिंगापूरचे येणार." सिंगापूरचे! त्यांच्यासाठी माझा गळा सँडपेपरवर!

हे फोन ठेवून माझ्याकडे बघत होते. मी भांडी घासत होते. एक कढई सकाळीच घासलेली होती, ती पुन्हा घासली.

सोमवार, १५ ऑक्टोबर

ठरलं. व्याख्यान देणार.

श्वासबीस नाही. सगळ्यांसमोर उभी राहणार आणि सांगणार की ही मुलगी काय करते आहे. चार पानं लिहिली. पहिलं वाक्य – "आज तुम्ही ज्याला कला म्हणणार आहात ते एका बाईचं दुसरं मरण आहे." हे वाक्य मला फार आवडलं आहे.

किनान्तीला निरोप पाठवला – येते. उत्तरात सतरा बदाम.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

चार पानांची सहा झाली.

रविवार, २१ ऑक्टोबर, सकाळ

क्रमानं लिहिते.

काल चारला पोचलो. मी गडद हिरवी कबाया घातली, लग्नाला घालते ती. पर्समध्ये सहा पानं. दालनात चटया घातलेल्या, ऐंशी-नव्वद लोक मांड्या घालून बसलेले, प्रत्येकासमोर खाऊची पुठ्ठ्याची डबी. छताखालून, खिडक्यांपाशी, खांबांना बाटल्या उलट्या बांधलेल्या. मी वर बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी बघितलं.

पहिली दातांची डॉक्टरीण. ड्रिलचा आवाज माणसाला का सोसत नाही यावर. ड्रिल घेऊनच आली होती, सगळ्यांनी गाल धरले. मग एक म्हातारा, कबुतरांच्या शेपटीला शिट्ट्या बांधून उडवणारा. एकेक शिट्टी फुंकून दाखवली त्यानं. "ही माझ्या बायकोसारखी," म्हणाला, "लांबून गोड, जवळून नको." त्याची बायको पहिल्याच रांगेत होती, तिनं डबीतला क्लेपोनचा गोड गोळा त्याला फेकून मारला. मग विद्यापीठातली गणिताची बाई, बुटांच्या नाड्या आपोआप का सुटतात. सगळे आपल्या पायांकडे बघायला लागले, पण चपला बाहेर काढलेल्या!

लिहायला लाज वाटते, पण मला मजा येत होती. रागच आला मला त्याचा.

मध्ये दोघंजण भाताचा कुकर आणि इस्त्री तारांनी जोडून बसले. एक मुलगी भुवयांना तारा चिकटवून, भुवई उडवली की यंत्र घुरघुरणार. हे माझ्या कानात म्हणाले, "तुला जोडलं असतं तर गेल्या पंधरवड्यात गावाच्या काचा फुटल्या असत्या." मी हसले नाही. थोडी हसले.

मग माझं नाव पुकारलं.

पानं काढली. किनान्तीनं माइक अगदी ओठांशी आणून धरला. पहिलं वाक्य म्हणायला मी श्वास घेतला – आणि तो श्वासच चारी भिंतींतून ऐकू आला. केवढा! भाताच्या शेतावरून वारा जातो तसा. चौदा महिन्यांत मला कुणी पहिल्यांदा, एका झटक्यात, "काय?" न म्हणता ऐकत होतं.

पानं तशीच पर्समध्ये गेली. का ते माझं मलाही कळलं नाही.

श्वासावरच बोलले. सिंदेन, म्हणजे गामेलानबरोबर गाणारी बाई, श्वास कुठे चोरते ते सांगितलं. मोठी घंटा वाजायच्या जरा आधी, जिथे सगळ्यांचे कान काशाकडे असतात. आणि रेबाबवाला चांगला असेल तर तो नेमका तिथं गज लांबवतो, बाईचा श्वास झाकतो. नवरा-बायकोत सुद्धा इतकं झाकून घेणं होत नाही, म्हटलं. लोक हसले. हे खाली बघत होते. मग म्हटलं, माझ्याबरोबर घ्या. नव्वद माणसांनी श्वास घेतला, धरला, सोडला. बारा मिनिटांची वीस झाली. कुणी थांबवलं नाही.

टाळ्या वाजल्या. किनान्तीनं मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला वाटलं – आता ही करणार नाही. आता हिला कळलं. नाहीच करणार.

केलं!

दिवे निम्मे केले आणि ती यंत्रापाशी बसली. टेप सरकायला लागली. डोक्यावरून, खिडक्यांपासून, बाटली ते बाटली, तपकिरी, बारीक, चकाकणारी. गज आला. मग आवाज. कुणीतरी "आहाहा" म्हणालं, अगदी हळू. मी डोळे मिटले. ह्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

दुसऱ्या फेरीला काही फरक नाही. तिसरीला वरच्या सुराची कड फाटली. चौथीला तो सूर खरखरून आला, जणू कुणी गळ्यात राख ओतली. मला ठाऊक आहे तो आवाज! गाठ वाढत होती तेव्हा सकाळी उठल्यावर तसाच यायचा! लोक माना हलवत होते. एकजण पुढे वाकून डबीतला वडा खात होता. खात खात ऐकत होता!

हे म्हणाले, "बुने, ऐक – हा –"

मी हात झटकला. उठले. पाचवी फेरी चालू होती. खांबाशी टेप छातीच्या उंचीवर होती, ती धरली आणि ओढली. बाटली फुटली. पुन्हा ओढली. यंत्र असं किंचाळलं की भुवयांवाल्या पोरीनं कान झाकले. तुटली. मी ओढतच राहिले, हातावर गुंडाळत, खांबामागून खांब, लोकांच्या अंगांवरून. सँडपेपरची पट्टी उचकटून टाकली. सबंध टेप दोन मुठींत चोळामोळा झाली तेव्हा थांबले.

मग टाळ्या!

उभं राहून! शिट्ट्या! दातांची डॉक्टरीण रडत होती. एक दाढीवाला परदेशी हात जोडून वाकला. "याहून चांगला शेवट होऊच शकत नाही," कुणीतरी म्हणालं. माझ्या रागाला टाळ्या! मी ओरडले – "हे खरं आहे!" आणि त्या फुसफुशीला तर आणखी टाळ्या!

एकटी किनान्ती टाळ्या वाजवत नव्हती. कागदासारखी पांढरी.

टेप पिशवीत कोंबली आणि बाहेर आले. रिक्षात हे तीनदा काही बोलायला गेले. मी तीनदा हात वर केला – एक शब्द नको!

सोमवार, २२ ऑक्टोबर

जाळली.

हे तालमीला गेले होते. किनान्ती आली. दारातच गुडघ्यांवर बसली, केस विंचरलेले नाहीत. "चुकले, बुधे. खरंच नक्कल काढलेली नाही, शपथ. मला वाटत होतं असंच करायला हवं. मूर्ख आहे मी. ती टेप द्या. एकेक इंच सरळ करीन, जोडीन, महिना लागू दे. निम्मं तरी वाचेल. नक्कल काढून तुमच्या हातात देईन, मला काही नको."

एवढ्यावर थांबली असती तर दिली असती. खरंच दिली असती. पिशवी आणायला उठलेच होते.

तर म्हणाली, "आणि बुधे, सिंगापूरची माणसं विचारत होती. मार्चमध्ये तुम्ही तिकडे हे करून दाखवाल का? अगदी असंच?"

अगदी असंच!

तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवी घेतली आणि मागच्या अंगणात गेले. सकाळी झाडून गोळा केलेली फणसाची पानं पेटवलेली होती, धुमसत होती. तिच्या देखत टेप त्यात टाकली. "तू मरूच देणार होतीस ना? घे, मेला. माझा होता, मी जाळला."

"बुधे, नको –"

टेप जळत नाही, आक्रसते. काळ्या अळ्यांसारखी वळवळली. घाण वास. त्यातच हे फाटकातून आत आले. सायकल टाकून दिली, तशी खाली पडली. काय आहे हे कळायला त्यांना एक क्षण लागला. मग धावत आले आणि हात आगीत घातला! सरळ! दोन हातांनी पानं उपसायला लागले. आणि ओरडले – "काय केलंस! काय केलंस तू हे!"

चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यावर ओरडलेला नाही. एकदाही नाही.

हाताला लागला तो डांबराचा गोळा. किनान्तीनं त्यांना पंपाखाली नेलं. मी तिथंच उभी.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

ह्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना फोड. तारेवरची बोटं. महिनाभर रेबाब नाही. मलम लावायला गेले तर हात मागे घेतला. स्वतः लावलं, दातांनी पट्टी ओढून.

आणि मला वाईट वाटावं अशी अपेक्षा आहे! मी इस्पितळातून मुकी होऊन घरी आले तेव्हा हा माणूस काय म्हणाला? "देवाची मर्जी." आणि चहा ठेवला. रडणं नाही, धावणं नाही. आणि तीन मिनिटांच्या टेपसाठी हात आगीत! म्हणजे चाळीस वर्षं ह्यांनी संसार कुणाशी केला? माझ्याशी की त्या आवाजाशी? आवाज गेला तेव्हा मी उरलेच नव्हते का ह्यांच्यासाठी? नुसती जेवण वाढणारी कुणी बाई?

विचारणार आहे. पाटीवर नाही. तोंडावर.

किनान्तीचे नऊ निरोप. वाचले नाहीत.

बुधवार, २४ ऑक्टोबर

घरात दोघंही गप्प. मला तरी कारण आहे!

गुरुवार, २५ ऑक्टोबर

विचारलं. जेवताना. ह्यांनी घास खाली ठेवला.

टेपवरचा तो माझा आवाज नव्हता.

एक्क्याण्णवचे ते तीन महिने मी धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरी होते. माझ्या जागी वोनोसारीकडची वागिनेम म्हणून कुणी गायली. मी तिला कधी पाहिलंही नाही. वर्षभरात तीही बाळंतपणातच गेली. मुलगी वाचली. शनिवारी पहिल्या ओळीलाच ह्यांना कळलं होतं. "पण तुझा चेहरा बघितला, बुने. चौदा महिन्यांनी तसा दिसत होता. काढून कसा घेऊ?"

त्या मुलीनं आईचा आवाज जन्मात ऐकलेला नाही. ह्यांनी रविवारी शोधून तिला फोन केला, की टेप आहे, फाटली आहे पण जुळेल, ये. टेप जळली हे तिला सांगायला चार दिवस फोन हातात घेतात आणि खाली ठेवतात.

उद्या सकाळच्या बसनं येते आहे. सव्वीस वर्षांची आहे.

दार मी उघडणार. सांगणारही मीच.